मनगटातली शिल्लक

आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एक शिंपी आहेत. त्यांचं मधुमेहाचं आणि रक्तदाबाचं औषध बरीच वर्षं माझ्याकडे चालू आहे. चार वर्षांपूर्वी छातीत दुखलं म्हणून मी त्यांना शहरात पाठवलं. तिथं अँजिओग्राफी झाली, ‘सध्या गोळ्यांवर भागेल’ असं ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा शिलाई मशीनवर बसले. पंधरा दिवसांनी दाखवायला आले तेव्हा सवयीनं मी त्यांचा उजवा हात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवली. काही लागेना. बोटं वर सरकवली, खाली सरकवली, दाब कमीजास्त करून पाहिला. डाव्या हाताची नाडी ठणठणीत. उजव्या मनगटात टाचणीएवढा व्रण, आणि त्याखाली शांतता.

त्यांना कसलाच त्रास नव्हता. कात्री चालत होती, बोटं गरम होती, नखं गुलाबी होती. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं की तपासणी उजव्या मनगटातून केली आणि कोणतीही गुंतागुंत झाली नाही. मी त्या रुग्णालयात फोन केला. तिथले तरुण डॉक्टर अदबीनं म्हणाले, “सर, त्यानं हाताला काही होत नाही. अल्नर चालू आहे ना!”

‘काही होत नाही’ हे वाक्य त्यानंतर मी अनेकदा ऐकलं आहे. ते खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत रुग्ण बऱ्याच वर्षांनी मोजतो.

हाताला रक्त देणाऱ्या दोन धमन्या आहेत. अंगठ्याच्या बाजूनं येते ती रेडियल. वैद्य आणि डॉक्टर दोघंही नाडी बघतात ती हीच. शार्ङ्गधरसंहितेत अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या या धमनीला जिवाची साक्षीदार म्हटलं आहे. दुसरी करंगळीच्या बाजूनं येते ती अल्नर. तळहातात या दोघी कमानीसारख्या एकमेकींना मिळतात, म्हणून एक बुजली तरी दुसरी हात सांभाळते. निसर्गानं ठेवलेल्या या जोडव्यवस्थेच्या भरवशावरच मनगटातून हृदयापर्यंत नळी नेण्याचं धाडस झालं.

तसं होण्याआधी बरंच काही घडून गेलं होतं. १९५८ साली क्लीव्हलंडमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून नळीचं टोक अनपेक्षितपणे थेट हृदयाच्या धमनीत शिरलं, आणि कोरोनरी अँजिओग्राफीचा जन्म झाला. सोन्स कोपरापाशी कापून ब्रेकियल धमनी उघडत. पण कोपराच्या वर हाताची मुख्य धमनी एकच असते. ती बुजली की पुढचा सगळा हात धोक्यात येतो. पुढं १९६७ साली मेल्विन जडकिन्स यांनी जांघेतून, फेमोरल धमनीतून जायची पद्धत रुळवली. कापाकापी नाही, फक्त सुई. आणि हृदयाच्या धमन्यांच्या तोंडाशी आपोआप जाऊन बसतील अशा वळणाच्या नळ्या. त्यानंतरची दोन-तीन दशकं जांघेचीच होती. १९७७ साली झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली तीही तिथूनच.

ते दिवस मला चांगले आठवतात, कारण मी पाठवलेली माणसं तसं होऊन परत यायची. जांघेवर वाळूची पिशवी, पाय वाकवायचा नाही, तासन्‌तास उताणं पडून राहायचं. पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याला झोपूनच लघवी कर म्हणायचं, ती होत नाही म्हणून नळी घालायची, मग त्या नळीचा संसर्ग. कधी जांघ काळीनिळी होऊन गुडघ्यापर्यंत रक्त साकळायचं. कधी धमनीच्या भोकावर फुगा धरायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोटाच्या मागच्या पोकळीत गुपचूप होणारा रक्तस्राव. बाहेरून काही दिसत नाही. पाठ दुखते, नाडी वाढते, रक्तदाब उतरतो आणि माणूस हातचा जातो.

मॉन्ट्रियलचे ल्युसियाँ काम्पो यांनी १९८९ साली १०० रुग्णांमध्ये मनगटातून अँजिओग्राफी केल्याचं प्रसिद्ध केलं. ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड कीमनेय यांनी १९९२ मध्ये तिथूनच अँजिओप्लास्टी केली. त्यांच्यापुढची अडचण अगदी व्यावहारिक होती. स्टेंट तेव्हा नवे होते, ते बुजू नयेत म्हणून रक्त पातळ करणारी औषधं भरमसाट द्यावी लागत, आणि त्यामुळे जांघ वाहत राही. मनगटातली धमनी उथळ, खाली हाड. बोटानं दाबली तरी रक्त थांबतं. वाहिलं तरी ते डोळ्यांसमोर वाहतं.

मनगट की जांघ हा वाद आता मिटला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘रायव्हल’ या अभ्यासात ३२ देशांतले ७,०२१ रुग्ण होते आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांची गोळाबेरीज दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. पण टोचलेल्या जागच्या धमनीची मोठी इजा जांघेत ३.७ टक्के आणि मनगटात १.४ टक्के होती. चार वर्षांनी ‘मेट्रिक्स’ आला. ८,४०४ रुग्णांमध्ये महिनाभरातले मृत्यू जांघेकडे २.२ टक्के, मनगटाकडे १.६ टक्के. हजारामागे सहा जीव. हा फरक मोठा वाटत नाही, आणि पुढच्या एखाद्या अभ्यासात तो दिसलाही नाही. तरीही सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर पारडं मनगटाकडेच झुकतं. युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी हार्ट अटॅकच्या रुग्णांसाठी मनगटाला पहिली पसंती दिली ती उगीच नाही.

पण जांघेतल्या चुकीला रुग्ण ओरडतो, आणि मनगटातल्या चुकीला आवाज नसतो. त्यामुळे मनगट जिंकलं तशी एक बेफिकिरी आली. धमनी बुजते, हात चालू राहतो, कुणाला काही कळत नाही, कार्डावर काही लिहिलं जात नाही.

किती जणांची बुजते? २०१६ मध्ये ६६ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. पहिल्या दिवसात सरासरी ७.७ टक्के, आठवड्यानंतर साडेपाचच्या आसपास. मला या सरासरीपेक्षा तिच्यामागचा पसारा महत्त्वाचा वाटतो. कुठं १ टक्क्याहूनही कमी, तर कुठं ३३ टक्के. धमनी तीच, सुई तीच, आणि निकालात तीसपटीहून जास्त फरक. असा फरक निसर्ग पाडत नाही. तो हाताळणीतून पडतो.

कारणं गूढ नाहीत. मनगटात ही धमनी साधारण अडीच मिलिमीटर रुंद असते. बायकांमध्ये आणि लहान चणीच्या माणसांमध्ये त्याहून अरुंद. तिच्यात तेवढ्याच किंवा जास्त जाडीची शीथ, म्हणजे नळ्या आत-बाहेर करण्यासाठी बसवलेली बाही, घातली की आतलं अस्तर खरवडतं. जपानचे शिगेरू साइतो यांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं की धमनीपेक्षा शीथ जाड असेल तर नंतर प्रवाह मंदावण्याचं प्रमाण कितीतरी वाढतं. पुढं शीथ काढल्यावर त्या जागी पट्टा आवळतात. घाईत तो इतका आवळला जातो की रक्त बाहेर येणं थांबतंच, शिवाय आत वाहणंही थांबतं. अस्तर खरवडलेलं, रक्त तुंबलेलं, हेपॅरिन, म्हणजे गुठळी होऊ न देणारं औषध, बेताचं, आणि पट्टा चार-पाच तास तसाच. गुठळी होणारच.

शेतातल्या पाटाला फूट पडली तर शेतकरी फुटीच्या तोंडावर माती दाबतो. पाट बंद करत नाही, कारण पाणी पुढं जायला हवं असतं. मनगटातही हेच करायचं असतं. रक्त बाहेर येणार नाही इतकाच दाब, आत वाहणं चालू. समीर पंचोली यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रॉफेट’ अभ्यासात ४३६ रुग्णांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना नेहमीसारखा आवळून पट्टा. उरलेल्यांना पट्टा लावल्यावर दाब हळूहळू सैल करत आतला प्रवाह सुरू असल्याची खात्री केली. पहिल्या गटात २४ तासांनी १२ टक्के धमन्या बुजल्या होत्या, दुसऱ्यात ५ टक्के. महिन्यानंतर ७ विरुद्ध १.८. पुढं ३,००० रुग्णांवर झालेल्या ‘प्रॉफेट-२’मध्ये मनगटावर पट्टा असताना करंगळीकडची धमनीही थोडा वेळ दाबून धरली, म्हणजे रेडियलमधून जास्त रक्त वाहायला लागेल. बुजण्याचं प्रमाण आणखी खाली गेलं. त्या अभ्यासात अहमदाबादचे तेजस पटेल होते. म्हणजे हे ज्ञान दूरच्या कुण्या श्रीमंत देशातून यायची वाट पाहायला नको होती. ते आपल्या शेजारच्या राज्यातच होतं. त्यासाठी महागडं यंत्रही लागत नाही. लागतात लक्ष देणारे दोन डोळे आणि पट्ट्याजवळ थांबायला वेळ असलेलं एक माणूस.

इथं तिसरी जागा येते.

अंगठा ताठ करून वर उचला. अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या मागच्या बाजूला दोन शिरा ताणल्यासारख्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडतो. त्या शिरा म्हणजे खरं तर अंगठ्याच्या स्नायूंच्या कंडरा. युरोपात लोक या खळग्यात चिमूटभर तपकीर ठेवून नाकाशी नेत, म्हणून तिथल्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला तपकिरीच्या डबीचं नाव दिलं. रेडियल धमनी मनगट ओलांडून याच खळग्यातून हाताच्या मागं वळते आणि मग तळहातात शिरते. बोट हलकं ठेवलं तर बऱ्याच जणांना तिथंही नाडी लागते. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, या जागेला ‘डिस्टल रेडियल’ किंवा नुसतं ‘स्नफबॉक्स’ म्हणतात. मी तपकिरीचा खळगा म्हणेन.

या खळग्यातून काम करण्याची सुरुवात रशियात झाली. मॉस्कोचे बाबुनाश्विली यांनी बुजलेली रेडियल धमनी उलट दिशेनं उघडण्यासाठी तो वापरला. पण जगाचं लक्ष तिकडे वळलं ते २०१७ साली, कीमनेय यांनी ७० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केल्यावर. मनगटाची वाट रुळवणारा माणूसच पंचवीस वर्षांनी आणखी पुढची जागा दाखवत होता. त्यांना डावा हात वापरायचा होता. बहुतेक माणसं उजव्या हातानं काम करतात, तेव्हा तो मोकळा राहावा. पण डावं मनगट वापरायचं तर रुग्णाला हात उलथा पिळून धरावा लागतो आणि डॉक्टरला टेबलावर ओणवं व्हावं लागतं. खळगा वापरला तर डावा हात पोटावर सहज आडवा ठेवता येतो, तळवा खाली, अगदी जेवणानंतर माणूस पोटावर हात ठेवून पडतो तसा. ७० पैकी ६२ जणांमध्ये जमलं. आठ जणांमध्ये नाही.

या जागेची खरी गंमत पुन्हा पाटाच्या हिशेबात आहे. रेडियल धमनी खळग्यात उतरण्याआधी, मनगटापाशीच, तिला तळहाताकडे जाणारा एक फाटा फुटतो. मनगटात सुई टोचली आणि तिथं गुठळी झाली तर वरचं पाणी तुंबतं, आणि गुठळी हातभर मागं वाढत जाऊ शकते. खळग्यात टोचलं आणि तिथं बुजलं तरी मागच्या फाट्यानं रक्त वाहत राहतं, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंतची धमनी जिवंत राहते. शिवाय खळग्याच्या तळाशी हाड आहे. थोडक्या दाबानं, थोडक्या वेळात रक्त थांबतं.

कागदावर हे फार सुरेख दिसतं, आणि बराच काळ मलाही वाटत होतं की आता सगळ्यांनी इकडेच वळावं. दोन अभ्यास शेजारी-शेजारी ठेवून वाचले तेव्हा माझं मत बदललं.

ग्रीसमधल्या ‘अँजी’ अभ्यासात १,०४२ रुग्ण होते. दोन महिन्यांनी डॉपलरनं, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं, पाहिलं तर मनगटाच्या गटात ७.९ टक्के धमन्या बुजलेल्या, खळग्याच्या गटात ३.७. खळग्याचा सरळ विजय. पण खळग्याच्या गटात २१.८ टक्के रुग्णांना आधी ठरवलेली जागा सोडून दुसरीकडे जावं लागलं. मनगटात असं ५.५ टक्क्यांनाच करावं लागलं. म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त माणसांना आधी एकीकडे टोचून मग दुसरीकडे टोचलं. टेबलावर पडलेल्या घाबरलेल्या माणसाला हा आकडा कसा जाणवत असेल, हे मी रुग्णांच्या तोंडून ऐकलं आहे.

दुसरा ‘डिस्को रेडियल’, युरोप आणि जपानमधली १५ केंद्रं, १,३०७ रुग्ण, २०२२ साली प्रसिद्ध. इथं दोन्ही गटांना एकच कडक शिस्त लावली होती. पातळ भिंतीची शीथ, पुरेसं हेपॅरिन, आतला प्रवाह चालू ठेवून लावलेला पट्टा. घरी सोडण्याआधी तपासलं तेव्हा मनगटात बुजण्याचं प्रमाण ०.९१ टक्के, खळग्यात ०.३१. फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकतो. खळग्यात पट्टा लवकर निघाला, १८० मिनिटांऐवजी १५३. पण जागा बदलावी लागण्याचं प्रमाण दुप्पट, ३.५ वरून ७.४ टक्के, आणि धमनी आखडण्याचंही दुप्पट, २.७ वरून ५.४.

आता दोन अभ्यासांमधले आकडे एकमेकांसमोर ठेवा. डिस्कोमधलं मनगट ०.९१, अँजीमधला खळगा ३.७. रुग्ण वेगळे, तपासण्याची वेळ वेगळी, म्हणून हिशेब काटेकोर नाही हे मी मान्य करतो. पण बुजलेल्या धमन्यांपैकी काही काळानं आपोआप उघडतात; दोन महिन्यांनी मोजणाऱ्या अँजीला त्याचा फायदाच मिळाला असणार. तरीही शिस्तीनं हाताळलेलं मनगट दुसरीकडच्या खळग्यापेक्षा सुरक्षित ठरलं. दोन जागांमधल्या फरकापेक्षा दोन शिस्तींमधला फरक मोठा निघाला. जागेवरून चाललेल्या सगळ्या चर्चेत मला पटलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

नव्या जागेची भुरळ पडते कारण नवी जागा शिकता येते, दाखवता येते, परिषदेत तिच्यावर बोलता येतं. पट्टा सैल करण्याचं काम कॅथलॅबच्या बाहेर, वॉर्डात, रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाती असतं. त्यावर कुणी भाषण देत नाही. अनेक ठिकाणी पट्टाही नसतो. गॉजची गुंडाळी आणि वर ताणून लावलेली चिकटपट्टी. तीही नीट लावली तर चालते. पण तिचा दाब अर्ध्या तासानं कमी करायचा कसा? ती कापायची किंवा तशीच ठेवायची, एवढेच पर्याय. मग ती तशीच राहते. २०१७ साली सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषध सोडणारा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला, आणि त्यावर घरोघर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तो स्टेंट ज्या वाटेनं आत गेला ती वाट नंतर उघडी आहे का, हे कुणी विचारलं नाही.

आता ‘काही होत नाही’ या वाक्याकडे परत येतो.

हृदयविकार एका तपासणीत संपत नाही. आज अँजिओग्राफी, उद्या स्टेंट, पाच वर्षांनी दुसरा स्टेंट. धमनी बुजली तर तो दरवाजा बंद झाला. पुढच्या वेळी पुन्हा जांघ. दुसरी गोष्ट बायपासची. रेडियल धमनी काढून हृदयावर जोडतात. पायातल्या शिरेपेक्षा ती जास्त टिकते, हे २०१८ मधल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसलं. बुजलेली किंवा खरवडलेली धमनी शल्यविशारद घेत नाहीत. तिसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त लागू पडते, ती म्हणजे मूत्रपिंड. १९६६ साली ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटातली हीच धमनी शेजारच्या शिरेला जोडून डायलिसिससाठी फिस्टुला केला. आजही सगळ्यात चांगला फिस्टुला बहुतेक वेळा तोच. मधुमेह असलेल्या माणसाचं हृदय आणि मूत्रपिंड एकाच वाटेनं बिघडत जातात. ज्याला आज अँजिओग्राफी लागते आहे, त्यालाच दहा वर्षांनी डायलिसिस लागू शकतं. हृदयाच्या डॉक्टरनं आज खर्च केलेली धमनी मूत्रपिंडाच्या डॉक्टरची ठेव होती.

आमच्या शिंपीभाऊंच्या बाबतीत हेच झालं. गेल्या वर्षी पुन्हा छातीत दुखलं, या वेळी स्टेंट लागणार होता. उजवी रेडियल बंद. दरम्यान मूत्रपिंडाची स्थिती दाखवणारं क्रिएटिनिन चढत चाललेलं. मूत्रपिंडतज्ज्ञांनी बजावलं की डाव्या हाताला सुईही लावू नका, तो फिस्टुलासाठी राखून ठेवायचा आहे. राहिली जांघ. वाळूची पिशवी, उताणं पडणं आणि मांडीवर तळहाताएवढा काळा डाग. जीव वाचला आणि त्याबद्दल मी त्या डॉक्टरांचा ऋणी आहे. पण पहिल्या वेळी पट्टा सैल केला असता, तर दुसरी वेळ अशी गेली नसती.

खळगा कुणासाठी? माझ्या मते सरसकट सगळ्यांसाठी नाही. ज्याला वरचेवर तपासण्या लागणार हे आजच दिसतं आहे, त्याच्यासाठी. ज्याचा पूर्वी बायपास झाला आहे आणि छातीतून जोडलेली डावीकडची धमनी बघायला डाव्या हातातूनच जायला हवं, त्याच्यासाठी. ज्याचा उजवा हात म्हणजे पोट आहे, म्हणजे सोनार, सुतार, तबला वाजवणारा, कटिंग करणारा, त्याच्यासाठी डाव्या हाताचा खळगा. आणि ज्या डॉक्टरला सोनोग्राफीच्या मदतीनं टोचण्याचा पुरेसा सराव आहे, त्याच्याच हातून. हे शिकता येतं: कोरियातल्या १४ रुग्णालयांच्या नोंदीत ४,९७७ रुग्णांपैकी ९४.४ टक्क्यांमध्ये ही जागा जमली. उलट हार्ट अटॅकनं रक्तदाब पडलेल्या माणसाच्या बारीक खळग्यात नाडी शोधत बसणं मला मान्य नाही. तिथं मिनिटं मोलाची असतात, आणि गरज पडली तर जांघेचाही संकोच करू नये.

खळग्यालाही स्वतःची किंमत आहे. अंगठ्याच्या मागच्या कातडीला संवेदना देणारी बारीक नस तिथूनच जाते. ती दुखावली तर काही काळ बधिरपणा राहतो. अमेरिकेतल्या ३०० रुग्णांच्या अभ्यासात महिन्यानंतर हाताच्या कामात मनगट आणि खळगा यांत लक्षणीय फरक दिसला नाही, हे आश्वासक आहे. पण ‘सरासरी’ हाताला सुई ओवायची नसते. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी खळगा म्हणजे निर्धोक जागा, असंही नाही. काही शल्यविशारद फिस्टुला त्याच खळग्यात करतात. अशा माणसाला टोचण्याआधी दोन तज्ज्ञांनी एकमेकांशी बोलायला हवं. आपल्याकडे ते क्वचित होतं, कारण दोघं वेगळ्या इमारतीत बसतात आणि मध्ये फक्त रुग्ण फिरत असतो, फाइल काखेत घेऊन.

माझ्या हृदयरोगतज्ज्ञ मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. दिवसाला पंधरा-वीस केसेस, योजनेतले रुग्ण, जेमतेम पॅकेज, अपुऱ्या सिस्टर. प्रत्येकाच्या मनगटावर डॉपलर कोण लावणार? हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. ही माणसं दिवसरात्र जीव वाचवतात. पण डॉपलर लागतच नाही. कोविडनंतर जवळजवळ प्रत्येक घरात आणि प्रत्येक वॉर्डात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो अंगठ्याला किंवा तर्जनीला लावा. मनगटातल्या दोन्ही धमन्या दाबा, पडद्यावरची लाट जाईल. मग करंगळीकडची दाबलेलीच ठेवून अंगठ्याकडची सोडा. लाट परत आली तर धमनी उघडी आहे. नाही आली तर बुजली. एक मिनिटाचं काम. नुसती नाडी चाचपणं पुरत नाही, कारण तळहाताच्या कमानीतून उलट आलेलं रक्त बुजलेल्या धमनीच्या टोकालाही ठोका देऊ शकतं. बोट फसतं, ऑक्सिमीटर सहसा फसत नाही.

आणि हे घरी सोडण्याआधी का पाहायचं, तर तेव्हा इलाज होऊ शकतो म्हणून. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनच्या इव्हो बेर्नात यांनी २०११ मध्ये दाखवलं की नुकतीच बुजलेली रेडियल धमनी अनेकदा परत उघडते, करंगळीकडची धमनी तासभर दाबून धरली तर. औषध नाही, सुई नाही. पण ती वेळ पहिल्या काही तासांचीच असते. पंधरा दिवसांनी माझ्या दवाखान्यात नाडी हरवलेली सापडते तेव्हा गुठळी घट्ट झालेली असते आणि माझ्या हाती कार्डावर नोंद करण्यापलीकडे काही उरत नाही.

त्या नोंदीपासूनच मी सुरुवात केली. आता मी कुणाला अँजिओग्राफीला पाठवतो तेव्हा चिठ्ठीवर नेहमीच्या गोष्टींखाली आणखी चार ओळी लिहितो: दोन्ही मनगटांच्या आणि दोन्ही खळग्यांच्या नाड्या लागतात की नाही, क्रिएटिनिन किती, माणूस कोणत्या हातानं काम करतो आणि काय काम करतो. चौथी ओळ विनंतीची असते. सोडताना दोन्ही हातांची धमनी उघडी असल्याचं ऑक्सिमीटरनं पाहून कार्डावर लिहावं. पहिल्या काही चिठ्ठ्यांना उत्तर आलं नाही. मग एकदा एका कार्डाच्या तळाशी निळ्या शाईत, कुणा सिस्टरच्या गोल अक्षरात लिहून आलं: ‘उजवी रेडियल — लाट आहे.’ तो रुग्ण कुंभार होता. कार्ड पाहिल्यावरही मी त्याचा हात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून जरा जास्त वेळ बसलो.